तिसऱ्या खेपेची भरती : महार रेजिमेंटच्या उभारणीचा इतिहास

महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. रेजिमेंटचे वय त्या दिवसापासून मोजतात आणि स्थापना दिनही त्याच दिवशी साजरा होतो. पण पलटणीची कथा तिथून सुरू करणे म्हणजे नाटकाला तिसऱ्या अंकात जाऊन बसणे होय. महारांची लष्करभरती त्याआधी दोनदा सुरू झाली आणि दोनदा बंद पडली होती. कंपनी सरकारला शिपाई हवे होते तेव्हा महार चालले, १८९० नंतर नकोसे झाले. १९१७ मध्ये पुन्हा हवेसे झाले आणि १९२१ मध्ये त्यांना पुन्हा घरी धाडले. तिसऱ्या खेपेला मात्र युद्ध संपले तरी पलटण टिकली. ती का टिकली याचा मागोवा या स्मरणिकेच्या निमित्ताने घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

कंपनीच्या फौजेत

गावची वेस राखणे, खजिना पोचवणे, हद्दीची साक्ष देणे ही महारांची पिढीजात कामे. शिवकाळात गडांच्या घेऱ्यातील राखणीवर रामोश्यांबरोबर महारही होते. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यात पायदळ उभे केले, तेव्हा असे पहाऱ्याला सरावलेले लोक तिला हवेच होते. बंगालच्या फौजेत उच्चवर्णीय शिपायांचा भरणा होता आणि त्यांचे सोवळेओवळे अधिकाऱ्यांना सांभाळावे लागे. मुंबईच्या फौजेत तसे लाड नव्हते. तिथे निरनिराळ्या जातींचे लोक एकाच कंपनीत उभे राहत आणि हुद्दा नोकरीच्या वर्षांवर व कर्तबगारीवर मिळे.

१ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावात दुसऱ्या बाजीरावाच्या मोठ्या फौजेशी कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने दिवसभर झुंज दिली. तीत मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीची एक बटालियन होती आणि त्या बटालियनमध्ये महार शिपाई मोठ्या संख्येने होते. पुढे तिथे उभारलेल्या स्तंभावर मृतांची नावे कोरली गेली. त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे आणि त्यावरून ती महार शिपायांची असल्याचे ओळखू येते. ही लढाई परक्या सत्तेच्या बाजूने झाली हे खरेच. पण ज्यांची नावे गावच्या कुठल्याही दप्तरात मानाने लिहिली गेली नव्हती, त्यांची नावे दगडावर आली, हेही तितकेच खरे. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभाला अभिवादन करायला गेले.

लष्करी नोकरीचा खरा लाभ मात्र रणांगणाबाहेर झाला. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकवण्याची सोय होती आणि तिचा फायदा मुलींनाही मिळे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ते महूच्या छावणीत असतानाच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. आई भीमाबाई याही सुभेदाराच्याच घरातल्या. कोकणात दापोलीच्या कॅम्पभोवती अशा पेन्शनर कुटुंबांची वस्तीच झाली होती. तिथल्या घरांत वर्तमानपत्र वाचले जाई आणि सरकारशी पत्रव्यवहार कसा करायचा हे ठाऊक असे. भरती बंद झाली तेव्हा पहिला आवाज याच वस्तीतून उठला.

दार लागले

१८५७ नंतर इंग्रजांनी फौजेची रचना नव्याने केली. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानचे सरसेनापती होते. रशियाशी वायव्येत गाठ पडेल, ही त्यांची धास्ती. तिथे लढायला पंजाबी, पठाण, गुरखा असेच लोक हवेत आणि दक्षिणेकडचे शिपाई मऊ पडले आहेत, असे त्यांचे ठाम मत होते. त्यातून ‘लढवय्या जमाती’ हा सिद्धांत लष्करी धोरण होऊन बसला. कोणती जात शूर आणि कोणती नाही, याची पुस्तके भरती अधिकाऱ्यांच्या हाती पडली. एका जातीची एक कंपनी किंवा एक पलटण, अशी मांडणी झाली. ज्या जातींची स्वतंत्र पलटण नव्हती, त्यांना आत शिरायला वाटच उरली नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती थांबली.

हा फटका केवळ काही हजार नोकऱ्यांचा नव्हता. पगार, पेन्शन, शाळा आणि हुद्दा या चारही गोष्टी एकदम गेल्या. सुभेदाराच्या मुलाला पुन्हा गावची वेठ करायची वेळ आली.

दापोलीचे निवृत्त हवालदार गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक अर्ज सिद्ध केला. त्यांची ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही पेन्शनर शिपायांचीच संस्था. महारांनी पूर्वी कोणकोणत्या लढायांत काम केले याचा अर्जात हवाला होता आणि भरती पुन्हा सुरू करण्याची मागणी होती. अर्जाचा उपयोग झाला नाही. वलंगकर १९०० मध्ये वारले.

पुढची धुरा पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी उचलली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी सासवडला अनेक गावांतील महार मंडळी जमवली. १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे पत्र काढले. १९१० मध्ये भारतमंत्री लॉर्ड क्रू यांच्याकडे थेट विलायतेला अर्ज धाडला. त्या अर्जाचा सूर आज वाचताना चटका लावतो. मोठ्या राजकीय हक्कांची मागणी त्यात नाही. पोलिसात शिपाई म्हणून घ्या, फौजेत साधा जवान म्हणून घ्या, एवढेच मागणे आहे. अर्जदारांच्या वाडवडिलांनी सुभेदारी केलेली होती आणि नातवंडे सर्वांत खालच्या पायरीवर उभे राहण्याची परवानगी मागत होती.

१११ वी महार

अर्जांनी जे झाले नाही, ते मेसोपोटेमियाने केले. पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन टायग्रिसच्या काठाने बगदादच्या रोखाने गेली आणि कूत येथे वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. शरण गेलेल्यांपैकी कित्येक हिंदी जवान वाळवंटातल्या पायपिटीत आणि तुर्की छावण्यांत मेले. महाराष्ट्रातल्या घराघरांत तेव्हा तारा आल्या.

युद्धाला माणसे कमी पडू लागली. ठरावीक जातींच्या ठरावीक गावांत जाऊन माणसे वेचण्याची जुनी पद्धत आता पुरेना. १९१७ पासून भरतीचे काम प्रांतवार मंडळांकडे आले. मामलेदार, पाटील, संस्थानिक, इनामदार अशा सगळ्यांच्या मागे भरतीचा तगादा लागला. जून १९१७ मध्ये १११ वी महार ही बटालियन उभी राहिली. पंचवीस वर्षे अपात्र ठरवलेले लोक एका हंगामात पात्र झाले.

युद्धाच्या उरलेल्या काळात या बटालियनला फारशी मोठी कामगिरी मिळाली नाही. १९२० मध्ये ती ७१ व्या पंजाबी पलटणीशी जोडली गेली आणि मार्च १९२१ मध्ये विसर्जित झाली. खर्चकपात आणि फेररचना ही कारणे तेव्हा सगळ्याच फौजेला लागू होती. पण जुन्या पलटणींचे जवान दुसऱ्या बटालियनमध्ये सामावले गेले, तसे महारांच्या वाट्याला आले नाही. त्यांना सामावून घ्यायला दुसरी पलटणच नव्हती.

वर्दी उतरवून माणसे गावी परतली. मधल्या चार वर्षांत गाव बदलले नव्हते. वतनी महाराला चोवीस तास गावकीच्या आणि सरकारच्या हाकेला उभे राहावे लागे आणि मोबदल्यात जमिनीचा तुकडा व बलुते मिळे. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ते याच गुलामगिरीविरुद्ध. लष्कराचे दार आणि वतनाचा फास ही एकाच प्रश्नाची दोन टोके होती. पुढच्या वीस वर्षांत चळवळीने हे नेमके ओळखले.

१९४१ : मागणी नव्हे, वाटाघाट

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा हिंदी सैन्य साधारण दोन लाखांचे होते. युद्ध संपताना ते पंचवीस लाखांच्या घरात गेले. एवढी माणसे जुन्या ‘लढवय्या’ जातींतून मिळणे शक्यच नव्हते. म्हणजे गरज या वेळीही सरकारचीच होती. फरक पडला तो समोर बोलायला बसलेल्या माणसामुळे.

बाबासाहेबांनी लष्कराच्या जातवार रचनेचा अभ्यास आधीच केला होता. १९४० च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ या ग्रंथात त्यांनी फौजेत कोणत्या प्रांताचे आणि जमातीचे किती लोक आहेत याचे तक्ते दिले. काही जमाती जन्मतः लढवय्या असतात ही समजूत त्यांनी खोडून काढली. पंजाबचे वर्चस्व १८५७ च्या घटनांतून आले आहे, रक्तातून नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. जुलै १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. महार पलटणीचा आग्रह त्यांनी या जागेवरून नेटाने धरला. पूर्वीच्या अर्जदारांना उत्तराची वाट पाहावी लागे. आता प्रश्न विचारणारा माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला होता.

त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात पहिली बटालियन उभी राहिली. तिचे पहिले कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल जॅक्सन तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्समधून आले होते. दुसरी बटालियन नागपूरजवळच्या कामठीला लेफ्टनंट कर्नल किरवान यांच्या हाताखाली उभी राहिली. १९४२ मध्ये बेळगावात २५ वी आणि नौशेरा येथे तिसरी अशा आणखी दोन बटालियन उभ्या राहिल्या. टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आला.

सुरुवातीच्या सुभेदार मेजरांत भोलाजी रांजणे यांच्याबरोबर शेख हसनुद्दीन आणि लाडकोजीराव भोसले अशी नावे दिसतात. वीस वर्षांच्या खंडामुळे रंगरूट भरपूर होते, पण त्यांना घडवणारे अनुभवी सरदार घरचे पुरेसे नव्हते. पलटणीचा पाया घालायला दुसऱ्या समाजातली मुरलेली माणसे आली. पुढे रेजिमेंट सर्व समाजांची झाली, त्याचे बीज या पहिल्या यादीतच आहे.

भरतीचा दिवस

भरती अधिकाऱ्याचा दौरा लागला की चावडीवर वर्दी यायची. तालुक्याच्या गावी मोकळ्या मैदानात टेबल, खुर्ची, वजनकाटा आणि उंची मोजायची खुणा केलेली पट्टी मांडलेली असे. पोरे लंगोट्यावर रांगेत उभी राहत. छातीला फीत लावून एकदा श्वास सोडून आणि एकदा भरून माप घेत. गुडघे एकमेकांना लागतात का, तळपाय सपाट आहेत का, दात किती, डोळ्यांना लांबचे दिसते का, हे सगळे डॉक्टर पाहायचा. कमी खाऊन वाढलेल्या पोरांची अडचण वजनाच्या काट्यावर व्हायची. त्यातून जो पार पडला त्याचा अर्ज भरला जाई. बापाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, सगळे लिहून झाले की सही किंवा अंगठा. मग रेल्वेचे वॉरंट हातात पडे आणि बेळगाव किंवा कामठीची गाडी धरायची.

पोरे का जात होती? याचे एकच उत्तर द्यायला जाऊ नये. बाबासाहेबांनी तरुणांना पलटणीत जाण्याचे आवाहन केले होते आणि त्यांच्या शब्दाला घरोघरी वजन होते. नाझींचा विजय झाला तर जगातल्या सगळ्याच दुबळ्यांचे मरण आहे, अशी त्यांची भूमिका होती. पण पोटाचीही ओढ होतीच. महागाई वाढत होती आणि १९४२-४३ मध्ये मुंबई इलाख्याच्या विजापूर भागात दुष्काळ होता. पलटणीत दोन वेळचे जेवण, बूट, कांबळे आणि दरमहा ठरलेला पगार मिळे. मनिऑर्डर आली की पोस्टमनला महारवाड्यात यावे लागे आणि म्हातारीला नाव घेऊन हाक मारावी लागे.

याच काळात देश ‘चले जाव’ने पेटला होता. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू असताना त्याच जिल्ह्यातून पोरे फौजेत जात होती. एका गावातला एक भूमिगत, दुसरा पलटणीत, असेही घडे. त्यातला एक देशभक्त आणि दुसरा पगारी, अशी सोपी वाटणी करून चालणार नाही. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, त्याच्यासाठी स्वराज्याच्या आधी माणूसपणाचा प्रश्न उभा होता.

छावणीत आल्यावर रंगरुटांचे शिक्षण सुरू होई. त्या काळी फौजेत रोमन लिपीतली उर्दू शिकवत. अक्षरओळख नसलेल्या पोरांनी पाटीवर पहिली अक्षरे गिरवली ती याच वर्गांत. गावात पाणवठा जातीवर ठरे, छावणीत नळाची रांग कंपनीनुसार लागे. सुट्टीवर गावी आलेला जवान बूट घालून वेशीतून सरळ चालत आत येई. त्यावरून कुरबुर होई, कधी भांडणही होई, पण वर्दीवर हात टाकायला लोक कचरत.

मशीनगनची पलटण

पहिली आणि तिसरी बटालियन युद्धकाळात वायव्य सरहद्द प्रांतात होती. दुसरी आणि २५ वी देशात अंतर्गत सुरक्षेच्या कामावर होती. दुसरीला पुढे ब्रह्मदेशाच्या मोहिमेतही जाता आले. युद्ध संपल्यावर १९४६ मध्ये २५ वी बटालियन मोडली. १९२१ ची आठवण ज्यांना होती, त्यांच्या पोटात गोळा आला असणार.

पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. मोडलेल्या बटालियनच्या बहुतेक लोकांना उरलेल्या तीन बटालियनमध्ये घेतले गेले. आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये सगळी रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट करण्यात आली. कामठीला तिचे केंद्र झाले. बिल्ल्यातल्या स्तंभावर दोन आडव्यातिडव्या व्हिकर्स मशीनगन आल्या.

या बदलाचे मोल समजायला व्हिकर्स माहीत हवी. ती पाण्याने थंड ठेवावी लागणारी, तिपाईवर बसवायची जड तोफवजा बंदूक होती. नळीभोवतीच्या आवरणात सुमारे चार लिटर पाणी, २५० गोळ्यांचा कापडी पट्टा आणि मिनिटाला साडेचारशे ते पाचशे गोळ्यांचा मारा. एक जण गन उचलणार, दुसरा तिपाई, तिसरा पाण्याचा डबा आणि बाकीचे गोळ्यांच्या पेट्या. उतार, अंतर, वारा यांचा हिशेब करून दुसऱ्या पलटणींच्या डोक्यावरून मारा करायचा, तेव्हा गणित चुकले तर आपलीच माणसे मरतात. ‘लढवय्या नाहीत’ म्हणून एकेकाळी घरी धाडलेल्यांच्या हाती फौजेने हे नाजूक काम दिले. खास कौशल्याची पलटण झाल्यावर ती सहजासहजी मोडता येण्यासारखी राहिली नाही.

फाळणी आणि नंतर

ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाब पेटला. दोन्ही बाजूंच्या निर्वासितांचे काफिले सुरक्षित नेण्यासाठी पंजाब बाउंड्री फोर्स उभारली गेली आणि महार रेजिमेंटच्या तिन्ही बटालियन तिच्यात होत्या. तिथे जवानाला आपल्या गोतावळ्याचा सूड घ्यायचा मोह होणे ही सर्वांत मोठी भीती होती. कोकण-देश-विदर्भातून आलेल्या या जवानांचे पंजाबच्या कुठल्याच बाजूशी नातेगोते नव्हते. त्यांच्या पहाऱ्यात कित्येक काफिले सीमेपार गेले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र मध्य प्रदेशातील सागर येथे गेले आणि आजही तिथेच आहे. रेजिमेंटची भरती सर्व प्रांतांच्या आणि समाजांच्या तरुणांना खुली झाली. १९६३ च्या सुमारास ती मशीनगनकडून पुन्हा पायदळाकडे आली आणि बिल्ल्यावर खंजीर आला. ‘यश सिद्धि’ हे ब्रीद आणि ‘बोलो हिंदुस्तान की जय’ हा युद्धघोष. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख याच पलटणीचे अधिकारी. मुंबईत जन्मलेले आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. ज्या नावाला पूर्वी भरतीत मज्जाव होता, ते नाव आज केरळ, बंगाल, उत्तर प्रदेश, गुजरात अशा कुठल्याही प्रांताचा जवान खांद्यावर अभिमानाने मिरवतो.

एक काम बाकी

तिसऱ्या खेपेची भरती टिकली याचे श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. युद्धाची गरज होती, पण ती १९१७ मध्येही होती. अर्ज होते, पण ते १८९४ पासूनच होते. या वेळी गरज आणि अर्ज यांच्या जोडीला राजकीय ताकद आली, जवानांनी अवघड हत्यार आत्मसात केले आणि त्यानंतर देश आपला झाला. या सगळ्यांची गाठ १९४१ ते १९४७ या सहा वर्षांत पडली. म्हणून त्या सहा वर्षांत भरती झालेल्या माणसांची नोंद नीट ठेवणे आपले कर्तव्य ठरते.

अधिकाऱ्यांची नावे सहज सापडतात. बेळगाव आणि कामठीच्या रांगेत उभ्या राहिलेल्या साध्या शिपायांची नावे मात्र गावोगावच्या ट्रंकांमध्ये पडून आहेत. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, बर्मा स्टार किंवा युद्धपदक, जुना गणवेशातला फोटो असेल, त्यांनी ते सारे जपावे. मूळ कागद कुणाला देऊ नये, मोबाइलवर स्वच्छ छायाचित्र काढून ठेवावे आणि त्यासोबत गाव, तालुका व भरतीचे वर्ष लिहून ठेवावे. पदकाच्या कडेवर जवानाचे नाव व नंबर कोरलेला आढळला तर तोही उतरवून घ्यावा. अशी माहिती गावागावांतल्या माजी सैनिकांनी एकत्र केली, तर पुढची स्मरणिका शिपायांच्या यादीने सुरू करता येईल आणि कर्नलसाहेबांची नावे त्यानंतर येतील.